यंत्राचा जीर्णोद्धार

'जीर्णोद्धार' हा शब्द आपल्या कानांस परिचित आहे तो देवळे, घाट, विहिरी यांच्या संबंधाने. काशीविश्वेश्वराचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली पुन्हा उभारले, तेव्हा हे कशासाठी असा प्रश्न कोणी केला नाही आणि आजही कोणी करीत नाही. जे उभारावयाचे ते मुळातच पूज्य असल्यामुळे उभारण्याच्या कृतीस निराळे समर्थन लागत नाही. परंतु एखाद्या शेताच्या कडेला वीस-पंचवीस वर्षे उघड्यावर पडलेला, ज्याच्या चाकांमधून काटेरी वेली चढल्या आहेत आणि ज्याच्या धुराड्यात पाखरांनी घरटी केली आहेत असा एखादा ट्रॅक्टर कोणी उचलून आपल्या घरामागील छपरात आणावा, तीन-चार हिवाळे त्याच्या पायाशी बसून काढावे, आणि शेवटी तो सुरू झाल्यावर त्याने नांगरटीचे कोणतेही खरे काम करू नये, या उद्योगास काय म्हणावे? इंग्लंड, आयर्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत असा उद्योग करणारी माणसे हजारांनी आहेत. ती बहुधा वेडी नाहीत, श्रीमंतही नाहीत. दिवसभर आपापली नोकरी करून संध्याकाळी हात काळे करणारी साधी माणसे आहेत. त्यांच्या या कृतीत काही नैतिक अर्थ आहे काय, की तो केवळ वेळ घालविण्याचा एक प्रकार आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचा आमचा हेतू आहे.

हा प्रश्न खुद्द त्या माणसांस विचारला तर तीन प्रकारची उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो, माझ्या आजोबांकडे असाच ट्रॅक्टर होता. कोणी म्हणतो, जुन्या वस्तूस हल्ली किंमत येते. आणि बहुतेक जण खांदे उडवून म्हणतात की मौज वाटते, दुसरे काय? ही तिन्ही उत्तरे खरी असतील, पण ती पुरेशी नाहीत. आजोबांची आठवण एका छायाचित्रानेही जपता येते. किंमत म्हणावी, तर सुट्या भागांचा आणि रंगाचा खर्च बहुधा विक्रीच्या किमतीहून अधिक होतो, आणि श्रमाचा हिशेब तर कोणी मांडीतच नाही. राहिली मौज. परंतु मौजेलाही काही कारण असते, आणि ज्या मौजेपायी मनुष्य थंडीत बोटे सोलून घेतो ती वरवरची नसावी असे मानणे भाग आहे. म्हणून आपण कल्पनेतल्या यंत्राविषयी न बोलता एका विशिष्ट यंत्राकडे पाहू.

ब्रिटनमध्ये ज्या जुन्या ट्रॅक्टरांचा जीर्णोद्धार होतो, त्यांत 'फर्ग्युसन टीई-२०' हा राखी रंगाचा लहानसा ट्रॅक्टर फार लोकप्रिय आहे. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत कॉव्हेंट्री येथील बॅनर लेनच्या कारखान्यात असे ५ लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. याच कारखान्यात युद्धकाळी विमानांची इंजिने होत असत. ज्याच्या नावाने हा ट्रॅक्टर ओळखला जातो तो हॅरी फर्ग्युसन १८८४ साली आयर्लंडमधील एका शेतकरी कुटुंबात जन्मला. स्वतः बांधलेल्या विमानातून आयर्लंडमध्ये पहिले उड्डाण त्याने १९०९ च्या शेवटच्या दिवशी केले. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, आयरिश शेतीखात्याने त्याजवर देशातील ट्रॅक्टरांची कामगिरी सुधारण्याची जबाबदारी टाकली. त्या निमित्ताने शेतोशेत हिंडताना ट्रॅक्टर आणि नांगर यांची एकमेकांशी पडलेली गाठ मुळातच चुकीची आहे, हे त्याच्या ध्यानात आले.

ती चूक कोणती, हे समजून घेणे अगत्याचे आहे, कारण आमचा सारा विचार तीवर उभा आहे. त्या काळी ट्रॅक्टर हा लोखंडी घोडा आहे असे समजून त्याच्या मागे साखळीने अथवा दांड्याने नांगर बांधीत. घोड्याच्या फाळाला जमिनीत दडलेला दगड लागला तर घोडा थांबतो. यंत्रास ते कळत नाही. नांगर अडला, मागची चाके जमिनीत रुतून बसली, आणि इंजिनाचा जोर चालूच राहिला, म्हणजे चाके फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचे धडच मागच्या आसाभोवती फिरू पाहते. पुढची चाके उचलली जातात आणि एका क्षणात सारे धूड चालकाच्या अंगावर उलटते. १९१७ पासून सर्वत्र पसरलेला फोर्डसन ट्रॅक्टर या अपघातांसाठी कुप्रसिद्ध होता. फर्ग्युसनने यावर शोधलेला उपाय असा की नांगर ट्रॅक्टरला ओढावयास न लावता तीन सांध्यांनी त्याच्या अंगाशीच जोडावा, खाली दोन दांडे आणि वर एक. माती फाळाला मागे रेटू लागली की वरचा दांडा पुढे दाबला जातो, तेथील स्प्रिंग आवळते, आणि तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा नांगरास किंचित वर उचलते. माती हलकी लागली की तोच नांगर पुन्हा आपल्या खोलीवर उतरतो. नांगराचा भार मागच्या चाकांवर येत असल्यामुळे हलक्या ट्रॅक्टरलाही पकड मिळते. आणि मोठा दगड आडवा आलाच तर चाकांवरील तो भार निघून जातो व ती जागच्या जागी फिरत राहतात. चालक दचकतो, परंतु जगतो.

आता हा ट्रॅक्टर बांधाला टाकून दिलेला कल्पावा. तो का टाकला जातो, याला गूढ कारण लागत नाही. शेत मोठे झाले, अधिक जोराची यंत्रे आली, आणि एका हिवाळ्यात रेडिएटरमधील पाणी गोठून इंजिनास तडा गेला, किंवा एका सुगीनंतर तो पुन्हा सुरू करण्याची गरजच पडली नाही. धुराड्यातून पावसाचे पाणी आत उतरते, आणि पिस्टन सिलिंडरच्या भिंतीस गंजाने असा चिकटतो की हँडल मारणाऱ्याचे मनगट दुखावेल, पण इंजिन केसभर हलणार नाही. जीर्णोद्धार करणाऱ्याचे पहिले काम येथे सुरू होते, आणि ते काम म्हणजे बहुतांशी वाट पाहणे होय. प्लगांच्या भोकांतून पातळ तेल ओतावयाचे, दोन दिवस थांबावयाचे, लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोकावयाचे, पुन्हा तेल, पुन्हा थांबणे. जोर केला तर पिस्टन फुटतो. कित्येकदा आठवड्यांनंतर तो एका रेषेइतका सरकतो, आणि त्या दिवशी त्या घरात काही विशेष घडले आहे हे शेजाऱ्यासही कळते. मग सिलिंडरांचे लायनर बाहेर काढणे, बेअरिंगे तपासणे, कार्ब्युरेटरमधील गोंदासारखा झालेला गाळ धुणे, तेलाच्या पंपाच्या झडपा साफ करणे, कुजलेल्या तारा बदलणे. हे सारे क्रमाने येते.

या कामात मनुष्यास काय मिळते? आमच्या मते याचे उत्तर असे आहे की यंत्र हा साठवून ठेवलेला विचार असतो, आणि त्याची दुरुस्ती करणाऱ्यास तो विचार पुन्हा एकदा मुळापासून करावा लागतो. या ट्रॅक्टरचा गियरचा दांडा एका विशिष्ट खुणेवर नेला तरच इंजिन सुरू होते. नव्या मनुष्यास ही एक विक्षिप्त रचना वाटते. परंतु दांडा त्या खुणेवर असताना गियर पडलेलाच नसतो, म्हणून सुरू होताक्षणी ट्रॅक्टर पुढे उडी घेऊ शकत नाही, हे जेव्हा त्याच्या ध्यानात येते, तेव्हा कोणी तरी आपल्या पायांची काळजी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी वाहिली होती असा प्रत्यय त्यास येतो. त्याचप्रमाणे या ट्रॅक्टरबरोबर एक पान्हा मिळत असे. अवजारे जोडणे-सोडणे बहुतेक त्या एका पान्ह्यावर होई, आणि त्याच्या अंगावर इंचांच्या खुणा असल्यामुळे मोजपट्टीचे कामही तोच करी. शेतात उभ्या असलेल्या मनुष्याच्या खिशात दहा हत्यारे नसतात, हे ज्याने ओळखले त्याचे नाव बहुधा कोठेही नोंदलेले नसेल, परंतु त्याचे ते ओळखणे त्या लोखंडात आहे. यंत्र बांधावर गंजत पडते तेव्हा लोखंड तर झिजतेच, पण त्याहून मोठी हानी ही की ते समजणारा कोणी उरत नाही. जीर्णोद्धार म्हणजे ती समज पुन्हा एका जिवंत माणसाच्या हातांत येणे होय. हे आमचे मुख्य म्हणणे आहे, आणि या उद्योगावर जे आक्षेप येतात ते याच कसोटीवर घासून पाहावे असे आम्हांस वाटते.

पहिला आक्षेप उपयुक्ततेचा. ज्याचा उपयोग नाही त्यावर श्रम का करावे? यास उत्तर देताना छंदवाल्याच्या बाजूने फार मोठी भाषा वापरण्याचे कारण नाही. निष्काम कर्माचे नाव घेऊन गंज खरवडणाऱ्यास योगी ठरविणे हास्यास्पद होईल. त्याला फळाची इच्छा असतेच, इंजिनाचा आवाज ऐकावा ही ती इच्छा. परंतु एवढे मात्र खरे की पोटासाठी केलेल्या कामात ज्या गोष्टींना सवड नसते त्या येथे प्रथम स्थानी येतात. पगारी मिस्त्रीस गिऱ्हाईक दाराशी उभे असते. भाग झिजला की तो बदलून देतो, तो का झिजला हे पाहावयास त्यास कोणी पैसे देत नाही. छंदवाल्यास हे 'का' विचारता येते, आणि काम नीट होईपर्यंत ते मोडून पुन्हा करता येते. ज्या समाजात असे काम कोठेच होत नाही, त्या समाजात उत्तम कामाचा नमुनाच डोळ्यांपुढून नाहीसा होण्याची भीती असते. हाही एक उपयोगच म्हणावयाचा, फक्त तो खंडीत आणि मणात मोजता येत नाही.

दुसरा आक्षेप तत्त्वज्ञांच्या आवडीचा आहे. लायनर नवे, पिस्टन नवे, टायर नवे, मडगार्डे दुसऱ्या ट्रॅक्टरची, रंग कालचा. मग जीर्णोद्धार झाला तो कोणाचा? प्लुटार्कने थीसियसच्या नौकेची हकीकत दिली आहे. अथेन्सचे लोक तिची कुजलेली फळी काढून नवी घालीत गेले, आणि ती नौका तीच की दुसरी यावर तेथील पंडितांचे वाद झाले. पण आपणांस इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदास, म्हणजे यवन राजा मिनँडरास, त्याच्या रथाविषयीच विचारतो. आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि अखेर कबूल करतो की या सर्वांच्या आश्रयाने 'रथ' हे नाव चालते. त्यांपैकी कोणत्याही एका भागात रथ सापडत नाही. पुढे तोच भिक्षू रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टान्त देतो. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत ही एकच नव्हे आणि अगदी निराळीही नव्हे.

या दृष्टान्ताचा आमच्या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. छंदवाल्यांमध्ये क्रमांकाच्या पट्टीला फार मान असतो. ट्रॅक्टरवर ठोकलेली ती धातूची लहान पट्टी मूळची असेल तर ट्रॅक्टर अस्सल. हा कायद्याच्या आणि बाजाराच्या सोयीचा निकष आहे, विचाराचा नव्हे. कारखान्यातून निघाल्या दिवसापासून त्या ट्रॅक्टरचे भाग बदलतच आले आहेत, कारण चालत्या यंत्राचे जगणे हेच भाग बदलण्यावर असते. उलट, ज्याचा एकही भाग कधी बदललेला नाही असा ट्रॅक्टर बहुधा कामच न केलेला असतो. तेव्हा ज्योतीप्रमाणे येथेही तेच यंत्र म्हणजे अखंड चालत आलेली निगा. ती निगा वीस वर्षे खंडित झाली होती, आणि आता ती पुन्हा सुरू झाली आहे. नवा लायनर घालणाऱ्याने जर तो मूळच्या मापाचा, मूळचे कारण समजून घातला असेल, तर त्याने त्या साखळीत एक कडी जोडली. परंतु जुन्या पत्र्याखाली भलतेच इंजिन दडवून त्याने रस्त्यावर धूर काढला, तर पट्टी मूळची असूनही त्याने ती साखळी तोडली. कारण त्या पत्र्याखाली आता फर्ग्युसनचा विचार उरलेला नाही.

येथून तिसरा, आणि आमच्या मते अधिक अवघड, प्रश्न निघतो. जीर्णोद्धार कोठे थांबवावा? एकोणिसाव्या शतकात युरोपात चर्चांच्या जीर्णोद्धारावरून हाच वाद माजला होता. फ्रेंच स्थापत्यकार व्हिऑले-ल-द्यूक याचे म्हणणे असे की इमारत पूर्णावस्थेस न्यावी, मग ती पूर्णावस्था पूर्वी कधी काळी प्रत्यक्षात असो वा नसो. याउलट रस्किनने १८४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जीर्णोद्धार ही लबाडी आणि सर्वांत वाईट प्रकारचा विध्वंस होय असे प्रतिपादिले. त्याच्या विचारांनी भारलेल्या विल्यम मॉरिसने १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तिचा भर नवे करण्यावर नसून निगा राखण्यावर होता. ट्रॅक्टरवाल्यांमध्येही आज हेच दोन पक्ष आहेत. एक पक्ष प्रत्येक पत्रा ठोकून सरळ करतो आणि कारखान्यातही कधी दिला गेला नसेल इतका गुळगुळीत रंग चढवितो. दुसरा पक्ष इंजिन तेवढे दुरुस्त करून गंजाला आणि उडालेल्या रंगाला हात लावू देत नाही.

आम्हांस दोन्ही पक्षांच्या टोकांशी सहमत होता येत नाही. कोणा शेतकऱ्याने मोडलेला दांडा स्वतः जोडला असेल, तर तो ओबडधोबड जोड ही त्या यंत्राच्या चरित्रातील खरी नोंद आहे. पायाने घासून गुळगुळीत झालेली पायटी, एका बाजूस झिजलेले सुकाणूचे चक्र, ही कोणा अनाम मनुष्याने हजारो तास त्यावर काढल्याची साक्ष आहे. ती साक्ष रंगाखाली पुसून टाकणे म्हणजे बनविणाऱ्याचा मान राखून राबणाऱ्याचा अपमान करणे होय. पण म्हणून गंज हाही पूज्य मानावा काय? गंजात कोणाचा श्रम नाही. तो कामाची खूण नसून कामानंतरच्या उपेक्षेची खूण आहे, आणि तो पुढेही खातच राहतो. तेव्हा आमचा नियम थोडक्यात असा होईल की श्रमाच्या खुणा राखाव्या आणि उपेक्षेच्या काढाव्या. प्रत्यक्षात या दोन खुणा एकमेकींत मिसळलेल्या असतात हे आम्ही जाणतो. कोणती कोणती हे ओळखण्यासाठी पुन्हा यंत्राची समज लागते. रंगाच्या डब्याने तो प्रश्न सुटत नाही आणि रंग न लावण्याच्या व्रतानेही सुटत नाही.

आता चौथा आक्षेप, आणि तो यंत्राच्या शीलावरच आहे. ज्या ट्रॅक्टरला आपण इतक्या मायेने पुसतो तो निष्पाप आहे काय? स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' या १९३९ सालच्या कादंबरीत ओक्लाहोमातील कुळांची घरे ट्रॅक्टरने पाडली जातात, आणि त्यावर बसलेला चालक शेजारच्याच घरातला, रोजाच्या मजुरीसाठी आलेला मुलगा असतो. ब्रिटनमध्ये १९३९ साली शेतीवरचे घोडे लाखांनी मोजावे लागत. पुढील वीस-पंचवीस वर्षांत ते शेतांतून जवळजवळ दिसेनासे झाले. त्यांच्याबरोबर घोडेवाला, नालबंद, खोगीर शिवणारा हेही गेले. लहान शेताला परवडावा आणि अन्न स्वस्त व्हावे असा फर्ग्युसनचा ध्यास होता, यात शंका नाही. परंतु कर्त्याचा हेतू आणि कृतीचा परिणाम हे एका मापाचे क्वचितच असतात. ज्या ट्रॅक्टरने एकाची पाठ वाकण्यापासून वाचविली त्यानेच दुसऱ्याच्या हातचे काम काढून घेतले.

हा आक्षेप खरा आहे, आणि तो खोडून काढण्याची आमची इच्छा नाही. जीर्णोद्धार म्हणजे पूजा असे धरले तरच तो जीर्णोद्धाराविरुद्ध जातो. जीर्णोद्धार म्हणजे समज असे धरले, तर हा इतिहासही त्या समजेत आलाच पाहिजे. ज्याला आपल्या ट्रॅक्टरच्या तेलपंपातील प्रत्येक झडप ठाऊक आहे, परंतु तो शेतावर आला तेव्हा तेथून कोण गेले हे ठाऊक नाही, त्याची समज अर्धी आहे. तथापि एवढे सांगितले पाहिजे की यंत्र बांधाला कुजू दिल्याने तो इतिहासही कुजतो. भंगारवाल्याने तोडून नेलेल्या ट्रॅक्टरपुढे उभे राहून कोणताही मुलगा विचारणार नाही की याच्या आधी येथे काय होते.

पाचवा आक्षेप सर्वांत धारदार आहे. जो मनुष्य निर्जीव लोखंडास चार हिवाळे देतो, त्याने आपल्या म्हाताऱ्या बापास चार संध्याकाळी दिल्या आहेत काय? वस्तूंवरची माया पुष्कळदा माणसांवरच्या मायेची पळवाट असते. वस्तू उलट बोलत नाही, रुसत नाही, आणि आपली चूक झाली तर ती दुसऱ्या कोणास सांगत नाही. छपरात स्वतःस कोंडून घेणारे छंदवाले आहेत, आणि त्यांच्या घरांतील माणसांस त्या छपराविषयी काय वाटते हे विचारण्याचे कारण नाही. या बाबतीत छंदाचा बचाव होऊ शकत नाही असे आम्ही स्पष्ट म्हणतो. माणसांचे देणे चुकवून वस्तूचे देणे फेडता येत नाही.

परंतु या जीर्णोद्धाराच्या कामाचा एक विशेष आहे. तो एकट्याने पुरा होत नाही. छापलेल्या माहितीपत्रकात सारे नसते. थंडीत हे इंजिन पेट्रोलवर सुरू करून, ते तापल्यावर मग ट्रॅक्टरच्या खास रॉकेलवर केव्हा न्यावे, हा 'केव्हा' पुस्तकात अंशात दिलेला असेल, पण तो ओळखावयाचा असतो आवाजावरून आणि धुराच्या रंगावरून. घाई केली तर न जळलेले रॉकेल खालच्या तेलात उतरून ते पातळ करते, आणि बेअरिंगे त्याची किंमत देतात. ही ओळख ज्याच्या कानांत आहे तो मनुष्य आता ऐंशीच्या पलीकडे असतो. कोठे तरी एका खोलीत खिडकीशी बसलेला असतो, आणि त्याच्याकडे येणारी माणसे त्याची प्रकृती विचारून जातात. त्याच्याकडे जेव्हा एक तरुण तेलकट हाताने येतो आणि प्रकृतीऐवजी झडपेतील अंतर विचारतो, तेव्हा त्या वृद्धास जे मिळते ते कोणत्याही सहानुभूतीने मिळत नाही. त्याची कीव होत नाही, त्याची गरज लागते. म्हाताऱ्या बापाच्या प्रश्नास छंदाचे खरे उत्तर हेच आहे की त्यास छपरात आणून खुर्ची द्यावी आणि विचारावे. ज्याच्या छपरात अशी दुसरी खुर्ची नाही त्याचा छंद आम्हांस संशयास्पद वाटतो.

या समजेचे मोल आज वाढण्यास आणखी एक कारण घडले आहे. नव्या ट्रॅक्टरांच्या पोटात संगणक असतो आणि त्याची किल्ली कंपनीच्या हाती. बिघाड झाला तर, मालक असूनही, शेतकऱ्याला आपले यंत्र उघडण्याचा खरा अधिकार उरत नाही. सुगीच्या दिवसांत यंत्र शेतात उभे आणि कंपनीचा मनुष्य यावयाचा आहे, अशा तक्रारी अमेरिकेत इतक्या वाढल्या की कोलोरॅडो संस्थानाने २०२३ साली शेतकऱ्यांस आपली यंत्रे स्वतः अथवा आपल्या पसंतीच्या मिस्त्रीकडून दुरुस्त करता यावी यासाठी कायदा केला. तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. ज्या गोष्टीसाठी आता कायदा करावा लागतो ती गोष्ट त्या राखी ट्रॅक्टरबरोबर एका पान्ह्याच्या रूपाने मिळत असे. वस्तू आपली असणे याचा अर्थ ती विकण्याचा हक्क एवढाच नसून ती समजण्याचा आणि सुधारण्याचा हक्क असाही आहे. हा अर्थ ज्यांनी जिवंत ठेवला त्यांत हे छंदवाले आहेत.

आपल्याकडे या साऱ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. फर्ग्युसनची कंपनी १९५३ साली मॅसी-हॅरिसशी एक झाली. त्या घराण्याचे ट्रॅक्टर १९६० साली मद्रास येथे निघालेल्या 'टॅफे' या कंपनीने भारतात बनविण्यास आरंभ केला. आपल्या शिवारांत ज्यास लोक नुसते 'मॅसी' म्हणतात तो लाल ट्रॅक्टर त्या राखी ट्रॅक्टरचाच वंशज आहे, आणि त्याच्या मागे नांगर अथवा रोटाव्हेटर जोडला जातो तोही त्याच तीन सांध्यांनी. इतकेच नव्हे, तर इतर कंपन्यांच्या ट्रॅक्टरांवरही जवळजवळ सर्वत्र तीच जोडणी आहे. आपल्याकडे ट्रॅक्टर छंदासाठी दुरुस्त होत नाही, गरजेपोटी होतो. तालुक्याच्या गावी रस्त्याकडेच्या छपराखाली बसलेला मिस्त्री तीस वर्षांचे इंजिन पुन्हा उभे करतो, त्यास आपण जीर्णोद्धार म्हणत नाही आणि त्यास कोणी मानपत्रही देत नाही. परदेशातील छंदवाला जी समज हौसेने गोळा करीत आहे ती या मनुष्याच्या हातांत रोज आहे. फरक एवढाच की ती त्याच्याबरोबर जाईल, कारण त्याचा मुलगा तो धंदा करू इच्छीत नाही आणि ती लिहून ठेवण्याजोगी आहे असे आपणांस वाटत नाही.

आपल्या परंपरेत अवजारांविषयी कृतज्ञता आहे. पोळ्याला बैल पुजतात, खंडेनवमीला पान्हा आणि हातोडा पुसून त्यांना हळदकुंकू वाहतात, आणि हल्ली ट्रॅक्टरच्या कपाळावरही झेंडूची माळ चढते. ही रीत सुंदर आहे, परंतु तिचा एक धोका आहे. वर्षातून एक दिवस हार घातला म्हणजे देणे फिटले असे वाटू लागते. आपल्या शास्त्रकारांनी मनुष्य जन्मतः ऋणी असतो असे म्हटले आहे, आणि त्यांनी सांगितलेले ऋषींचे ऋण फेडण्याचा उपाय पूजा हा नसून अध्ययन हा आहे. ज्ञान देणाऱ्याचे ऋण ज्ञान ग्रहण करूनच फिटते. आमच्या मते यंत्राचे ऋण याच जातीचे आहे. ज्या कोणी चालकाच्या जिवाची काळजी वाहून तो वरचा दांडा तेथे बसविला, त्याचे देणे हाराने फिटत नाही आणि रंगानेही नाही. तो दांडा तेथे का आहे हे समजून घेऊन दुसऱ्या कोणास सांगितल्याने ते फिटते. बांधावरचा ट्रॅक्टर सुरू होवो अथवा न होवो. ज्याने इतके केले त्याने जीर्णोद्धार केला, आणि ज्याने हे न करता तो आरशासारखा चकचकीत केला त्याने फक्त एक जुनी वस्तू नवी केली.